मुंबई हाय व्हाया परभणी

आमच्या ताईचा मुलगा मुंबई हाय या तेलक्षेत्रावर आहे. किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत, अरबी समुद्रात लोखंडी पायांवर उभ्या असलेल्या एका प्लॅटफॉर्मवर. चौदा दिवस तिकडं, चौदा दिवस घरी. लातूरला इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला आणि एका ठेकेदार कंपनीतून चिकटला. यंदा त्याची सुट्टी आणि येळवस, म्हणजे लातूरकडचा वेळ अमावास्येचा सण, बरोबर जुळून आली. गाडी माझी, चालवणार तो. संभाजीनगरहून सरळ ताईच्या गावी औशाला जायचं सोडून जालना, परभणी असा फेरा मारायचा हट्ट मात्र माझा. भूगोलाच्या पुस्तकात मुंबई हाय एका ओळीत उरकतं. ते तेल आणि तो गॅस मराठवाड्यात कुठं आणि कोणत्या रूपात येऊन पोहोचतो, हे निवृत्त मास्तरला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

पहिला दिवस : वेरूळ आणि वाळूज

देवगिरी एक्स्प्रेसनं भाचा पहाटेच उतरला. अंगावर पातळ जर्किन, आणि संभाजीनगरला थंडी अशी की स्टेशनबाहेरचे रिक्षावाले शेकोटीपासून हलायला तयार नव्हते. "मामा, तिकडं घामाच्या धारा, हितं दातखिळी," म्हणत त्यानं एकापाठोपाठ दोन चहा मारले. आंघोळी उरकून आम्ही थेट वेरूळ गाठलं.

कैलास लेण्यासमोर मी त्याला शिल्पं दाखवत होतो आणि हा पठ्ठ्या कातळाला हात लावून बघत होता. "आमच्या खाली बी हाच हाय म्हणतात की." बरोबर म्हणत होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. तोच काळा कातळ पश्चिमेला खचत समुद्राखाली गेला आणि मुंबई हायच्या बऱ्याच भागात तळाला तोच लागतो. फरक इतकाच, की तिथं त्या कातळावर पुढं कोट्यवधी वर्षं गाळ आणि चुनखडक साचत राहिला. तेल सापडतं ते त्या चुनखडकात. अनारशासारखा जाळीदार दगड, त्या जाळीत तेल आणि वायू मुरलेला, आणि वरून चिकणमातीच्या घट्ट थराचं झाकण. आपल्याकडं झाकण नाही, जाळी नाही, नुसता कातळ. म्हणून आपण त्यात लेणी कोरली.

(वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. दर वेळी कुणीतरी दारावरून परत येतं म्हणून सांगून ठेवतो. डिसेंबरात शाळांच्या सहली असतात. सकाळी आठच्या आत पोहोचलात तर कैलास लेणं जरा शांतपणे बघता येईल.)

दुपारी जुन्या शहरात नान-खलिया खाल्ला. खलियाचा पिवळा रस्सा नानवर ओतला की बोलणं बंद होतं, तसं झालं. तिथून वाळूजला, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेडवर. त्याचं पावडर कोटिंगचं काम आहे. गाड्यांचे सुटे भाग रंगवायचे आणि भट्टीत भाजायचे. भट्टीला बर्नर डिझेलचा. संभाजीनगर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांचं पाइप गॅसचं काम भारत पेट्रोलियमकडं आहे आणि याचे कान त्या पाइपकडं लागलेले.

"सर, लाइन शेडपर्यंत येऊ द्या, दुसऱ्या दिवशी बर्नर बदलतो. काजळी नाही, टाकी भरायची कटकट नाही, चोरी नाही." डिझेलच्या चोरीबद्दल तो पुढं बरंच बोलला, ते इथं लिहीत नाही.

भाच्यानं मात्र त्याच्या उत्साहावर थोडं पाणी ओतलं. समुद्रातला स्वस्त, सरकारी दराचा गॅस आधी घरगुती चुलीला आणि सीएनजीला जातो. कारखान्याला मिळतो तो बहुतेक बाहेरून जहाजानं आणलेला एलएनजी, म्हणजे द्रवरूप केलेला गॅस, बाजारभावाचा. विद्यार्थी म्हणाला, "चालंल. राज्यानं २०२२ ला गॅसवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, तेव्हापासून माझा हिशोब तयार आहे." आणि खरंच भिंतीवर, रंगाच्या पट्ट्यांच्या शेजारी, पेन्सिलीनं हिशोब मांडलेला होता.

दुसरा दिवस : जालना

समृद्धीवरून जालना म्हणजे गाडीला वेग यायच्या आत उतरायची वेळ. हा रस्ता २०२५ च्या जूनमध्ये नागपूरपासून मुंबईच्या तोंडापर्यंत पूर्ण झाला. त्यावरून जाताना लोकांना बोगदे आणि टोल दिसतो. कडेच्या पट्ट्यातून 'गेल' या सरकारी कंपनीची गॅसवाहिनी टाकली आहे, ती कुणाच्या नजरेस पडत नाही. मुंबईहून नागपूर आणि पुढं ओडिशातल्या झारसुगुडापर्यंत जाणारी ही लाइन. ठराविक अंतरावर पिवळे-काळे मार्कर उभे असतात, ते बघत चला.

जालन्याची ओळख बियाणं आणि सळई. एमआयडीसीत एका रोलिंग मिलचे मुनीम ओळखीचे निघाले. आत फार फिरू दिलं नाही, ते बरोबरच आहे. पण भंगाराच्या ढिगापाशी उभं राहिलो. ढिगात गाड्यांचे पत्रे, पंपांचे सांगाडे, कापलेल्या सळया. भाच्यानं वाकून एक जाड, वाकडा पत्रा पायानं उलटा केला. त्याच्या एका अंगाला पांढऱ्या गोल चकत्या, नखानं खरवडल्या तरी न निघणाऱ्या. "मामा, हे बार्नेकल हाय, दिसतंय शिंपल्यावाणी पण जात खेकड्याची. आमच्या प्लॅटफॉर्मच्या पायांना असंच चिकटतंय." समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत जालन्यात हे बघून मी चाट पडलो. मुनीम शांत. "अलंगचा माल येतो कधीमधी. जहाज असंल, नाहीतर तुमची रिग असंल. भट्टीत गेल्यावर सगळं सारखंच."

विहिरी खणायच्या जुन्या रिग खरोखरच गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला जातात. पण सगळ्यांत पहिली, जिनं १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबई हायला तेल लावलं ती 'सागर सम्राट', भंगारात गेली नाही. जपानमध्ये बांधलेली ती रिग पुढं उत्पादनाच्या फिरत्या प्लॅटफॉर्ममध्ये बदलली गेली आणि २०२२ च्या डिसेंबरात पुन्हा कामाला लागली. भाच्याला तिचं फार अप्रूप. त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर देवाचा फोटो नाही, हिचा आहे. ताईला हे माहीत नाही.

मिलवाल्यांना गॅस हवा आहे का, हे विचारलं. मुनीम म्हणाले, कोळशाच्या धुराच्या तक्रारी वाढल्यात, गॅस परवडला तर कुणाला नको? यातला 'परवडला तर' हा शब्द ते तीनदा म्हणाले.

तिसरा दिवस : परभणी

प्रवासी मित्रांनो, टाकी जालन्यातच फुल करा. राज्यात पेट्रोल सगळ्यांत महाग कुठं, तर परभणीत, ही बातमी २०२१ पासून अधूनमधून येतच असते. कारण साधं आहे. मुंबईच्या रिफायनऱ्यांतून पाइपलाइननं पेट्रोल-डिझेल मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोत येतं आणि तिथून टँकर सुमारे तीनशे किलोमीटर रस्ता तुडवत परभणीला येतो. ते भाडं पंपावरच्या आकड्यात बसतं. लीटरमागं फरक फार नसतो, पण पंपावर उभं राहिलं की डोक्यात जातो. तेल आपल्याच किनाऱ्यासमोरचं, रिफायनरी आपल्याच राज्यातली, आणि सगळ्यांत महाग आपल्यालाच. पंपावरचा पोरगा हसून म्हणाला, "काका, महाग हाय म्हणून कुणी कमी भरत नाही."

स्टेशनच्या मालधक्क्यावर युरियाचा रेक लागला होता. वाघिणीतून ट्रकमध्ये पोती चढत होती. डोक्याला फडकं बांधलेले एक साठीचे हमाल सावलीत बिडी ओढत बसले होते, त्यांच्याशी गप्पा झाल्या. पूर्वी पोतं पन्नास किलोचं होतं, २०१८ पासून पंचेचाळीसचं झालं. "लोकांला वाटतंय आमचं ओझं कमी झालं. अहो, टनाला पोती वाढली. चढ-उतार तितकीच." त्यांच्या मानेवरच्या घट्ट्यावर युरियाचे पांढरे मणी घामानं चिकटून बसले होते. ते त्यांनी बोटानं पुसले आणि बोटाकडं बघत म्हणाले, "हे कशापासून करतेत म्हणं? कोण म्हणतंय समुद्रातून येतंय."

भाच्याला विषयच मिळाला. नैसर्गिक वायूतला मिथेन घ्यायचा, त्यातून हायड्रोजन काढायचा, हवेतला नायट्रोजन त्याला जोडून अमोनिया करायचा, आणि अमोनियाला कार्बन डायऑक्साइड जोडला की युरिया. मुंबई हायचा गॅस उरणला उतरायला लागला म्हणूनच अलिबागजवळ थळला आरसीएफचा एवढा मोठा खतकारखाना १९८० च्या दशकात उभा राहिला. त्यांच्या युरियाचं 'उज्ज्वला' छापाचं पोतं आपल्याकडं घरोघरी माहीत आहे. आज मात्र खतकारखान्यांना लागणाऱ्या गॅसचा बराच भाग आयातीचा असतो. समुद्रातलं उत्पादन उतरत गेलं आणि मागणी वाढत गेली. हमाल ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुमचा गॅस कमी झाला की आमचा रेक कमी?" इतका थेट प्रश्न मला तीस-पस्तीस वर्षांत वर्गात कुणी विचारला नव्हता. उत्तर अर्धं हो. गॅस बाहेरून आणता येतो, तयार युरियाही आणता येतो, पण मग डॉलर जातात आणि जहाज उशिरा आलं की पेरणी थांबत नाही.

युरियाची सरकारी किंमत पोत्याला २६६ रुपये ५० पैसे. खरा खर्च याच्या कितीतरी पट, तो फरक केंद्र सरकार भरतं. पण पोतं त्या भावात हातात पडणं हा वेगळा विषय. खरिपात आमच्याकडच्या एका दुकानदारानं दोन पोती युरियासोबत मला नको असलेली एक बाटली गळ्यात मारली होती. याला लिंकिंग म्हणतात. नियमात बसत नाही, तरी चालतं. पावती मागा, ई-पॉस मशीनवर अंगठा तुमचा असतो तर बिल पण तुमच्या नावाचंच हवं, आणि ऐकलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी द्या.

संध्याकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर गरम मिरची भजी. तिखट इतकं की भाचा म्हणाला, आमच्या प्लॅटफॉर्मवर जादा गॅस जाळतात त्या फ्लेअरची ज्वाळा बरी.

चौथा दिवस : गंगाखेड, परळी, अंबाजोगाई

गोदावरी ओलांडली, जनाबाईच्या गंगाखेडला थांबून दर्शन घेतलं. पुढं परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. सप्टेंबरच्या अतिवृष्टीच्या खुणा रस्ताभर दिसत होत्या. ओढ्याकाठची रानं खरडून गेलेली, काही ठिकाणी माती जाऊन नुसता मुरूम उरलेला, आणि त्यातूनच कुणी हरभरा पेरलेला.

अंबाजोगाईच्या अलीकडं माझ्या चुलतभावाची मोसंबीची बाग आहे. वहिनींनी आधी हुरड्याच्या आगटीपाशी बसवलं. हुरडा यंदा जरा लवकर धरला होता, कोवळा आणि गोड. सोबत तिळाची चटणी, खाराची मिरची, दही, गूळ. कणसं भाजून हातावर चोळायची आणि गरम असतानाच समोरच्याच्या ओंजळीत टाकायची. भाच्याचे हात आता ग्लोव्हजला सरावलेत, त्याला चटके बसले. वहिनी म्हणाल्या, "समुद्रावर जाऊन पोरगं नाजूक झालं."

मग त्यांनी शेततळं दाखवलं. काळं जाड अस्तर, पाचशे मायक्रॉनचं, काठावर चर खणून मातीत गाडलेलं. आमच्या मुरमाड जमिनीत अस्तराशिवाय पाणी दोन महिने टिकत नाही. त्याच्या खाली बागेत ठिबकच्या नळ्या. हे सगळं पॉलिथिन. उरणला समुद्रातल्या गॅसमधून इथेन-प्रोपेन वेगळं काढतात, ते पाइपनं नागोठण्याला जातं आणि तिथल्या क्रॅकर नावाच्या भट्टीत फोडून पुढं त्याचं प्लॅस्टिक होतं. १९९० च्या सुमारास तो कारखाना सुरू झाला, तेव्हा सरकारी होता, आता रिलायन्सकडं आहे. ही नळी नेमकी तिथल्याच दाण्याची, असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. प्लॅस्टिकचा दाणा आखाती देशांतूनही येतो. पण महाराष्ट्रात ठिबकचा आणि पाइपचा धंदा वाढला, त्यामागं दाणा घरच्या घरी मिळणं ही मोठी गोष्ट होती. मला विचाराल तर समुद्रातल्या तेलाचा मराठवाड्याला सगळ्यांत मोठा फायदा पेट्रोलचा नाही. या काळ्या नळीचा आहे. पेट्रोल जळून जातं. नळी सात-आठ वर्षं रानात पडून पाणी वाचवते.

भाऊ म्हणाला, "ते सगळं खरं. पण उंदरानं कुरतडली की तुमचा समुद्र भरून देतो का?"

येळवस : औसा

वेळ अमावास्येला लातूर-धाराशिवकडं माणूस घरात सापडत नाही. लातूरचा बाजार ओस, रस्ते मोकळे, सगळं जग रानात. या दिवशी बाहेरून येणार असाल तर एसटीच्या भरवशावर राहू नका, आणि जेवणाची काळजी तर अजिबात करू नका. रस्त्यावरून चाललेल्या अनोळखी माणसालाही लोक हाका मारून पंगतीला बसवतात.

ताईच्या रानात कडब्याची कोप घातली होती, आत पांडव मांडलेले. पूजा झाली, आंबील शिंपडली आणि मग भज्जी. कोवळा हरभरा, वाटाणा, तुरीचे दाणे, मेथी, पात, चिंच, बेसन, जे रानात आहे ते सगळं त्या भज्जीत. बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर आणि गाडग्यातली थंडगार आंबील. तिसऱ्या वाढपानंतर मी आडवा झालो.

जेवणं झाल्यावर भाच्याभोवती कोंडाळं जमलं. पोरांना हेलिकॉप्टरचं कौतुक. त्यानं सांगितलं : जुहूहून उडायचं, आधी बॅगेसकट वजन करायचं, लाइफ जॅकेट घालायचं, तासाभरात समुद्रात उतरायचं. त्याआधी एक परीक्षा असते. हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात पट्ट्यानं बांधून तलावात बुडवतात आणि सांगाडा पाण्यात उलटा करतात. उलट्या लटकलेल्या अवस्थेत पट्टा सोडून खिडकीतून बाहेर यायचं. "भ्या वाटलं नाही?" कुणीतरी विचारलं. दाजी मध्येच म्हणाले, "कशाचं भ्या? मी त्याला पाठीला डबा बांधून ह्याच विहिरीत ढकललेलं हाय."

त्या विहिरीला यंदा काठोकाठ पाणी आहे. २०१६ ला तळ दिसत होता. त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लीटर. भाचा नोकरीला नुकताच लागला होता. प्लॅटफॉर्मवर समुद्राचं पाणी गोडं करून नळाला सोडतात. तो म्हणतो, तिकडं रोज आंघोळ करताना लाज वाटायची. पहिल्या पगारातून त्यानं घरी बोअर घेतलं. सातशे फूट, फुफाटा निघाला. कामावर मात्र किलोमीटरभराहून खोल विहिरींची मीटर सांभाळत होता. दुसरं बोअर लागलं, मग ठिबक, मग बहिणीचं लग्न, आता घरावर स्लॅब.

म्हातारे आबा इतका वेळ गप्प होते. त्यांनी मला धरलं. "मास्तर, एक सांगा. मुंबईसमोर तेल निघलालंय, तर महाराष्ट्राला रॉयल्टी किती येतीय?"

काहीच नाही. घटनेच्या कलम २९७ प्रमाणे समुद्रातलं खनिज केंद्राच्या मालकीचं. गुजरात आणि आसामात जमिनीवर तेल निघतं, तिथं रॉयल्टी राज्याला मिळते. समुद्रातली सगळी दिल्लीला. त्याशिवाय कच्च्या तेलावर वीस टक्के उपकर, तोही केंद्राचाच.

"मग आपल्याला काय?"

आपल्याला युरियाचं अनुदान, म्हटलं. आबांना ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही. दिल्लीला गेलेला रुपया पोत्यातून परत येतो हे हिशोबात खरं असेल, पण त्यावर नाव नसतं. रॉयल्टीचा वाटा मागता येतो, अनुदान मिळालं तर मिळालं. राज्यानं हा वाटा मागितला की कायद्याचं कलम पुढं करतात. कलम बरोबर आहे. पण उरण-न्हाव्याच्या कोळ्यांना बोटींची वर्दळ आणि पाइपलाइनी सोसाव्या लागतात, मुंबईची बंदरं, रस्ते, रिफायनऱ्या राज्याच्या. निदान किनारपट्टी आणि दुष्काळी भाग यांच्यासाठी ठरावीक हिस्सा बाजूला काढायला काय हरकत आहे?

भाचा दुसऱ्या बाजूनं बोलला. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. मुंबई हाय १९७६ पासून चालू आहे, विहिरी म्हाताऱ्या झाल्यात. २०२५ च्या जानेवारीत ओएनजीसीनं उत्पादन वाढवण्यासाठी ब्रिटनच्या बीपी या तेल कंपनीला तांत्रिक मदतीला घेतलं. "नवीन विहिरी खणल्या तरच आमची कामं टिकतेत, आबा. रॉयल्टीचं तुम्ही भांडा."

आबा म्हणाले, "भांडताव की."

शेवटचा टप्पा : किल्लारी, धाराशिव

किल्लारीत जुन्या गावाच्या जागी थांबलो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या पिढीला सांगावी लागत नाही. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी इथं ६१७ मीटर खोल भोक पाडलं. पहिले ३३८ मीटर दख्खनचा कातळ, त्याखाली जेमतेम आठेक मीटर गाळाचा थर, आणि मग अतिप्राचीन खडक. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी 'मराठवाड्यात तेल सापडणार' अशी आवई उठवतं, त्याला हे उत्तर पुरे. तेल तयार व्हायला गाळाचे जाड थर लागतात. आठ मीटरमध्ये काय होणार?

धाराशिवला आयटीआयजवळच्या टपरीवर भाच्याचा एक दोस्त भेटला. वेल्डर, परंडा भागातला, समुद्रात पाइपलाइन टाकणाऱ्या बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या जहाजावर, काम केलेला. त्याचं बोलणं भाच्यापेक्षा कोरडं. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडालं, २६१ माणसं होती, सत्तरहून अधिक गेली. बहुतेक ठेकेदारांची माणसं. हा त्या महिन्यात गावी होता. "माझ्या जागेवर कोण असंल, ह्यो इचार अजून येतो," एवढंच म्हणाला आणि विषय बदलला. त्यानंतर तो दोन वर्षं गेला नाही. मग मुलीच्या लातूरच्या क्लासची फी आली आणि गेला.

तेलाच्या फायद्याबद्दल लिहिताना हे वगळता येत नाही. कायम नोकरीतला आणि ठेक्यावरचा एकाच लाटेवर असतात, पण विमा, रजा आणि पगार वेगवेगळा. आमच्या भागातून जाणारी बहुतेक पोरं दुसऱ्या रांगेत.

टपरीवर आयटीआयची सात-आठ पोरं जमली. त्यांना दोघांनी मिळून जे सांगितलं ते इथं उतरवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक या ट्रेडना मागणी आहे. वेल्डरनं ६जी टेस्टची तयारी करावी, म्हणजे पंचेचाळीस अंशात तिरक्या, न फिरणाऱ्या पाइपला सगळीकडून टाका मारता आला पाहिजे. आधी अप्रेंटिसशिप करा, ओएनजीसीची जाहिरात त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर येते आणि अर्जाला पैसे लागत नाहीत. मेडिकल, पोलीस पडताळणी आणि बुडत्या हेलिकॉप्टरचं ट्रेनिंग याशिवाय कुणी समुद्रात नेत असेल तर जाऊ नका. पीएफचा नंबर पहिल्या महिन्यात मागा. बार्जवर चढल्यावर जेवणाची जागा नंतर बघा, लाइफ राफ्ट कुठं आहे ते आधी बघा.

आणि शेतातून गॅसची लाइन जाणार असेल तर : १९६२ च्या कायद्याप्रमाणे जमीन तुमचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. त्या पट्ट्यात पीक घेता येतं, पण घर, विहीर, मोठं झाड नाही. मोबदला बाजारभावाच्या दहा टक्के, शिवाय पिकाची नुकसानभरपाई. पंचनाम्याच्या दिवशी स्वतः हजर राहा, झाडं स्वतः मोजून द्या.

एका पोरानं हळूच विचारलं, एजंट दोन लाख मागतोय, वडील अर्धा एकर काढायला तयार आहेत. वेल्डर त्याच्यावर खेकसलाच. "दोन लाखात वेल्डिंग मशीन येतंय, रॉड येतेत आणि वर्षभर हात बसंस्तोवर जाळायला पाइप येतेत. रान इकून समुद्रात कशाला जातो रं?"

रात्री धाराशिव स्टेशनवर लातूर-मुंबई गाडीत भाच्याला बसवलं. डब्यात त्याच्यासारखे आणखी तिघं, एकमेकांना कोणत्या प्लॅटफॉर्मवर म्हणून विचारत होते. सोबत कुंथलगिरीचे पेढे दिले. हे पेढे घ्यायचे तर सकाळी घ्या, संध्याकाळपर्यंत ताजे उरत नाहीत.

चार दिवसांनी त्याचा समुद्रातून फोन. वाऱ्याचा आवाज येत होता. मला वाटलं खुशाली विचारायला केला असेल. "मामा, महाडीबीटीवर तुमच्या दाजींच्या ठिबकचा अर्ज बघा की जरा, निवड यादीत नाव आलंय का. तुमच्या पोर्टलचा ओटीपी आमच्या समुद्रात येईना."

बघितलं. 'अर्ज छाननी अंतर्गत'.